जागोजागी सारखे, समग्रतः भिन्न : संपर्क संरचना आणि अवकाशाची घडण



ज्या गणिताध्यापकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांच्या व्यासंगाला साजेल असा शुद्ध गणितातील एखादा विषय आज घ्यावा, आणि तो फळा-खडूच्या साहाय्यावाचून केवळ बोलून मांडावा, अशी चालकांची आज्ञा झाली तेव्हा मी ती आनंदाने शिरोधार्य मानली. कारण भूमितीतील खरोखरीच मोठे प्रश्न समीकरणांच्या आधी जन्माला येतात, आणि ज्याला कुतूहल आहे अशा कोणालाही ते समजू शकतात, अशी माझी श्रद्धा आहे. उत्तरे मात्र कठीण असतात. ती का कठीण असतात हेही आज थोडेफार दिसेल.

आजचा प्रश्न असा. एखादा नियम एखाद्या अवकाशात सर्वत्र चालू आहे. आणि तो असा की, कोणत्याही एका ठिकाणी उभे राहून पाहिले तर इथला नियम आणि तिथला नियम यांत तिळमात्र फरक दिसत नाही. मग असा नियम त्या अवकाशाच्या समग्र घडणीविषयी काही सांगू शकेल काय? वरवर पाहता उत्तर नकारार्थी वाटते. जो साक्षीदार सर्वत्र तेच ते सांगतो त्याची साक्ष काय कामाची? परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत, आणि विशेषतः १९७० नंतरच्या काळात, भूमितिज्ञांना असे आढळून आले की हा साक्षीदार एका-एका ठिकाणी मूक असला तरी सगळी ठिकाणे एकत्र जोडली म्हणजे बोलू लागतो, आणि जे बोलतो ते इतर कोणी सांगू शकत नाही.

प्रथम नियम कोणता ते पाहू. सपाट जमिनीवर एकच चाक उभे आहे अशी कल्पना करा. ते कोठे टेकले आहे हे सांगण्यास दोन संख्या लागतात आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे हे सांगण्यास तिसरी. म्हणजे चाकाच्या सर्व संभाव्य अवस्थांचा मिळून एक तीन मितींचा अवकाश होतो. आता चाकाला काय करण्याची मुभा आहे? ते पुढे-मागे घरंगळू शकते आणि जागच्या जागी वळू शकते. आडवे मात्र सरकू शकत नाही. तीन मितींच्या त्या अवकाशात प्रत्येक बिंदूपाशी दोन दिशा मोकळ्या आणि तिसरी बंद. म्हणजेच प्रत्येक बिंदूपाशी परवानगीचे एक-एक प्रतल, एक सपाट पान, ठेवलेले आहे. या पानांचा समुदाय हीच संपर्क संरचना.

परंतु येथे एक अट आहे, आणि सारे मर्म त्या अटीत आहे. ही पाने एकमेकांना जुळून त्यांचे पृष्ठभाग तयार झाले असते, तर त्या नियमाखाली फिरणारा प्रवासी जन्मभर एकाच पृष्ठावर कोंडून पडला असता. चाकाच्या बाबतीत तसे होत नाही. पुढे जा, थोडे वळा, मागे या, उलट वळा. आणि पाहता पाहता चाक आडवे सरकलेले असते, जरी आडवे सरकण्याची परवानगी त्याला एका क्षणापुरतीही मिळालेली नव्हती. अरुंद गल्लीत दोन मोटारींच्या मध्ये तिसरी मोटार लावणारा प्रत्येक चालक हे प्रमेय रोज सिद्ध करतो. पाने इतकी पिळलेली असतात की, कितीही लहान तुकडा घेतला तरी त्यांना सर्वत्र चिकटून बसणारे पृष्ठ त्या तुकड्यात मिळत नाही. संपर्क संरचना म्हणजे अशी कोठेही न जुळणारी पाने. आणि त्याचा परिणाम असा की, अवकाश अखंड असेल तर परवानगीच्या मार्गांनी कोठूनही कोठेही पोहोचता येते. हे राशेव्स्की यांनी १९३८ साली आणि चौ यांनी १९३९ साली सर्वसाधारण रूपात सिद्ध केले.

ही कल्पना चाकापुरतीच असती तर तिच्यासाठी आपला वेळ घेण्याचे मला प्रयोजन नव्हते. ह्यूजेन्सच्या १६९० सालच्या ग्रंथात प्रकाशाची लाट पुढे सरकताना तिचा प्रत्येक बिंदू नव्या लाटेचा उगम होतो असा जो सिद्धांत आहे, त्याच्या मुळाशी हीच भूमिती आहे. १८७३ साली गिब्ज यांनी उष्मागतिकीला जे भौमितिक रूप दिले तेही हेच : ऊर्जा, एन्ट्रॉपी, तापमान, आकारमान आणि दाब या पाच राशींचा पाच मितींचा अवकाश, आणि ऊर्जेतील फरक कसा पडावा याविषयीचा एकच नियम. अशा पाच मितींच्या संपर्क अवकाशात नियमाला सर्वत्र धरून राहणारे पृष्ठ जास्तीत जास्त दोन मितींचे असू शकते. आणि साध्या वायूची अवस्था दोन राशी सांगितल्या की निश्चित होते, हे आपण शाळेपासून जाणतो. सोफस ली यांनी १८७०च्या दशकात संपर्क रूपांतरणांचा जो पद्धतशीर अभ्यास केला त्यातून या शास्त्राला नाव मिळाले. ली यांचे लक्ष अवकल समीकरणांकडे होते : वक्ररेषेवरील बिंदू आणि त्या बिंदूपाशी असलेला तिचा उतार यांना मिळून एक अवस्था मानले की, उतार हा खरोखरच त्या वक्ररेषेचा उतार असावा, ही अट म्हणजेच संपर्क संरचना.

येथे थोडे विषयांतर करतो. दुसऱ्या क्रमाची अवकल समीकरणे दिली असता त्यांच्या उत्तरांची, म्हणजे मार्गांची, स्वतःची अशी भूमिती असते, ही दृष्टी ठेवून ज्यांनी मूलभूत काम केले त्यांत गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी अग्रभागी आहेत. १९३३ साली ‘मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकात त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यालाच जोडून एली कार्तान यांनी आपले विवेचन लिहिले, आणि पुढे चर्न यांच्या कामाची भर पडून तो सिद्धांत आजही कोसंबी-कार्तान-चर्न या तिघांच्या नावांनी ओळखला जातो. कोसंबींचे इतिहासकार म्हणून असलेले थोरपण महाराष्ट्राने जाणले. त्यांच्या भूमितीकडे मात्र आपण पुरेसे लक्ष दिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. संपर्क संरचनेला स्थानिक असे काहीही रहस्य नाही. दार्बू यांचे प्रमेय सांगते की, समान मितींच्या कोणत्याही दोन संपर्क अवकाशांतील कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांच्याभोवतीचे पुरेसे लहान तुकडे एकमेकांवर तंतोतंत बसविता येतात. भूमापन खात्याने एखाद्या तालुक्यातील प्रत्येक सर्व्हे नंबरचा वेगवेगळा नकाशा काढावा आणि ते सगळे नकाशे सारखेच निघावेत, तरीही ते एकमेकांना कसे जोडले आहेत यावरून एक गाव दुसऱ्याहून निराळे ठरावे, तसा हा मामला आहे. त्यात १९५९ साली जॉन ग्रे यांनी आणखी एक गोष्ट दाखविली : बंदिस्त अवकाशावरील संपर्क संरचना हळूहळू, सलगपणे बदलत नेली आणि वाटेत ती संपर्क संरचनाच राहिली, तर शेवटी हाती येते ती मूळचीच संरचना, फक्त अवकाश थोडा हलविलेला. म्हणजे किंचित निराळी अशी संरचनाच नाही. एक तर तीच, नाही तर पूर्णपणे दुसरी. वक्रतेसारख्या, ठिकाणोठिकाणी कमीअधिक होणाऱ्या राशींना येथे थाराच नाही. जे काही वेगळेपण असेल ते समग्र घडणीत, संस्थितिविज्ञानाच्या प्रांतात, शोधावे लागते.

पहिला स्वाभाविक प्रश्न : अशी संरचना कोणकोणत्या अवकाशांवर असू शकते? तीन मितींपुरते याचे उत्तर १९७१ साली मार्तिने यांनी दिले, आणि ते इतके उदार आहे की प्रथम ऐकताना आश्चर्य वाटते. तीन मितींचा कोणताही बंदिस्त मॅनिफोल्ड घ्या, म्हणजे ज्याचा प्रत्येक लहान तुकडा आपल्या नित्याच्या अवकाशासारखा दिसतो परंतु जो एकंदरीत कितीही गुंतागुंतीने स्वतःशीच जोडलेला असू शकतो असा अवकाश; त्यात डावे-उजवे सुसंगतपणे ठरविता येत असले म्हणजे पुरे, त्यावर संपर्क संरचना असतेच. सिद्धतेची युक्ती सुंदर आहे. वॉलेस आणि लिकरिश यांनी १९६०च्या सुमारास दाखविले होते की असा प्रत्येक मॅनिफोल्ड त्रिमितीय गोलपृष्ठापासून, म्हणजे चार मितींतील गोलाच्या पृष्ठापासून, मिळविता येतो : गोलपृष्ठात काही गाठी घ्यायच्या, प्रत्येक गाठीभोवतीची नळी कापून काढायची, आणि ती पिळून पुन्हा बसवायची. मार्तिने यांनी गोलपृष्ठावरील प्रसिद्ध संपर्क संरचना घेतली, गाठी जरा हलवून त्या सर्वत्र पानांना छेदून जातील अशा केल्या, आणि मग नळ्या पुन्हा बसविताना आतील पाने बाहेरच्या पानांशी जुळतील अशा बेताने पिळीत नेली. त्यानंतर लुट्झ यांनी दाखविले की पानांचा कोणताही सलग समुदाय दिला तरी त्याला विरूपित करून संपर्क संरचना बनविता येते.

तर मग प्रश्न संपला काय? जी गोष्ट सर्वत्र असते ती कोणताच भेद दाखवीत नाही, आणि भेद दाखविला नाही तर आपला साक्षीदार पुन्हा मूकच. परंतु मघा सांगितलेल्या ‘पिळीत नेली’ या दोन शब्दांत गोम आहे. ती नीट पाहण्यासाठी थोडे थांबू या.

आपल्या नित्याच्या अवकाशात एक उभा अक्ष कल्पा. अक्षावर सर्व पाने आडवी, जमिनीशी समांतर आहेत. आता अक्षापासून कोणत्याही दिशेने सरळ बाहेर चालत निघा. आपण ज्या रेषेवरून चालतो ती रेषा प्रत्येक पानात आहेच, पण पान मात्र त्या रेषेभोवती हळूहळू कलत जाते. जिला प्रमाणभूत म्हणतात त्या संरचनेत ते जितके दूर जावे तितके अधिक कलते, उभे होण्याच्या जवळ येत राहते, आणि कितीही दूर गेले तरी पूर्ण उभे कधी होत नाही. आता दुसरी संरचना घ्या, जिच्यात पान समान वेगाने कलत राहते आणि कोठे थांबत नाही : काही अंतरावर ते उभे होते, दुप्पट अंतरावर ते अर्धे वळण पुरे करून पुन्हा आडवे होते, फक्त पालथे. त्या दुप्पट अंतराच्या त्रिज्येची एक आडवी चकती काढा. तिच्या संपूर्ण काठावर परवानगीचे पान आणि चकतीचा स्वतःचा पृष्ठभाग एकरूप झालेले आहेत. ज्या संरचनेत कोठेही अशी चकती सापडते तिला अतिवलित म्हणतात. जिच्यात कोठेच सापडत नाही ती घट्ट.

प्रमाणभूत संरचनेत अशी चकती नाही असे म्हणणे सोपे आहे; परंतु ती सरळ, गोल, आडवीच असली पाहिजे असे थोडेच आहे? ती वाकडीतिकडी, घड्या पडलेली, कोठेही दडलेली असू शकेल. कोणत्याही रूपात ती प्रमाणभूत संरचनेत नाही, आणि म्हणून वर सांगितलेल्या दोन संरचना खरोखरीच भिन्न आहेत, हे बेनकँ यांनी १९८३ साली गाठींच्या आणि वेण्यांच्या अभ्यासातून सिद्ध केले. संपर्क संस्थितिविज्ञान या शाखेचा जन्म त्या दिवशी झाला असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे १९८९ साली एलियाशबेर्ग यांनी दाखविले की अतिवलित संरचनांत भूमितीचे काही उरतच नाही. पानांची ढोबळ मांडणी कळली की त्या पूर्णपणे कळल्या. आणि १९९२ साली त्यांनीच दाखविले की त्रिमितीय गोलपृष्ठावर, डावे-उजवे एकदा ठरविले म्हणजे, घट्ट संरचना एक आणि एकच आहे. खरी साक्ष घट्ट संरचनाच देतात.

मग प्रत्येक त्रिमितीय मॅनिफोल्डवर निदान एक तरी घट्ट संरचना असते काय? पुष्कळ दिवस अनेकांना तसे वाटत होते. त्याचे उत्तर एटनायर आणि होंडा यांनी २००१ साली प्रसिद्ध केले, आणि ते एका जुन्या, सन्मान्य अवकाशावर येऊन थांबले. १९०४ साली प्वँकारे यांनी असा एक अवकाश वर्णिला होता की ज्याची काही स्थूल गणिते त्रिमितीय गोलपृष्ठासारखीच येतात, पण जो गोलपृष्ठ नाही. बारा पंचकोनी पृष्ठांचा सुसम घन घ्यायचा आणि समोरासमोरची पृष्ठे एक दशांश वळण देऊन एकमेकांना चिकटवायची. ते वळण डावीकडे दिले काय आणि उजवीकडे दिले काय, मिळणारे अवकाश एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे. तीन मितींतील संपर्क संरचनेला डावे-उजवे कळते; तिची पाने ज्या दिशेने पिळलेली असतात त्या दिशेवरून अवकाशाचा हात ठरून जातो. एटनायर आणि होंडा यांनी दाखविले की यांपैकी एका हाताच्या प्वँकारे अवकाशावर घट्ट संरचना आहे, आणि दुसऱ्या हाताच्या त्याच अवकाशावर एकही नाही. एकही नाही! मोजमाप नाही, वक्रता नाही, केवळ पाने आणि त्यांचा पीळ एवढ्या सामग्रीवर ही संरचना प्रतिबिंबाला मूळ वस्तूपासून निराळे करते. मला या विषयातील हे सर्वांत सुंदर फळ वाटते, आणि ते आपणांपर्यंत पोहोचविता आले तर आजचे बोलणे सार्थ झाले असे मी समजेन.

येथपर्यंत आपण मोजमापाला हात लावला नाही. आता लावू. संपर्क संरचना एका विशिष्ट समीकरणाने व्यक्त केली की प्रत्येक बिंदूपाशी पानांना छेदून जाणारी एक दिशा आपोआप निश्चित होते. फ्रेंच गणिती रीब यांच्या नावाने ती ओळखली जाते. या दिशेने वाहत जाणारा एखादा तरी मार्ग बंदिस्त अवकाशात फिरून स्वतःला येऊन मिळतो, असा तर्क वाइनस्टाइन यांनी १९७९ साली मांडला. तीन मितींत गोलपृष्ठासाठी आणि सर्व अतिवलित संरचनांसाठी तो होफर यांनी १९९३ साली, आणि तीन मितींतील सर्व बंदिस्त अवकाशांसाठी टॉब्स यांनी २००७ साली सिद्ध केला. आपल्या विषयासाठी मात्र रीब दिशेचे दुसरे काम महत्त्वाचे. अंतरे मोजण्याचे एक माप अवकाशावर असे निवडावे की रीब दिशा पानांना काटकोनात राहील आणि पानातील काटकोनी भ्रमण संरचनेच्या स्वतःच्या पिळाशी जुळेल. याला संपर्क मेट्रिक संरचना म्हणतात. असे माप नेहमीच मिळते, आणि एक नव्हे, अगणित मिळतात. म्हणून प्रश्न असा करावयाचा की, त्यांतले उत्तम माप कोणते, आणि ते कोणत्या अवकाशाला परवडते?

जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठाच्या शिगेओ सासाकी यांनी १९६० साली या प्रश्नाची पायाभरणी केली. ज्यांना आज सासाकी संरचना म्हणतात त्यांत रीब दिशेने वाहताना अंतरे जशीच्या तशी राहतात आणि इतरही सममिती पाळली जाते; त्रिमितीय गोलपृष्ठ हे त्यांचे आद्य उदाहरण, आणि हाइन्झ हॉप्फ यांनी १९३१ साली गोलपृष्ठाला ज्या परस्परगुंफित वर्तुळांत विभागले ती वर्तुळे म्हणजे तेथील रीब मार्ग. अशा माणसाळलेल्या मापाची किंमत मात्र अवकाशाला मोजावी लागते. बंदिस्त सासाकी अवकाशातील स्वतंत्र भोकांची संख्या, म्हणजे संस्थितिविज्ञानातील पहिली बेट्टी संख्या, समच असली पाहिजे. आणि तीन मितींत तर हान्सयोर्ग गाइगेस यांनी १९९७ साली संपूर्ण यादीच दिली : थर्स्टन यांनी सांगितलेल्या आठ त्रिमितीय भूमितींपैकी केवळ तीन भूमितींच्या बंदिस्त अवकाशांवर सासाकी संरचना असू शकते. मार्तिने यांनी सर्वांना दिलेला परवाना मोजमापाची अट घालताच आठांतील पाचांपासून काढून घेतला जातो.

आता आपल्या चाकाकडे या दृष्टीने पाहू. जमीन सपाट पण बंदिस्त घ्या, म्हणजे जिच्या उजव्या कडेने बाहेर पडले की डाव्या कडेने आत यावे आणि वरून बाहेर पडले की खालून. तिच्यावरील चाकाच्या अवस्थांचा अवकाश म्हणजे त्रिमितीय टोरस. त्याची पहिली बेट्टी संख्या तीन, म्हणजे विषम. तेव्हा सासाकी संरचना येथे अशक्य. तरीही त्यावर एक अत्यंत सुबक संपर्क मेट्रिक संरचना आहे, आणि तिची वक्रता सर्वत्र शून्य. ही जी दरी आहे, सासाकी नाही पण तरीही अव्यवस्थित नाही, ती भरून काढण्यासाठी ब्लेअर, कूफोगिऑर्गोस आणि पापान्तोनिऊ यांनी १९९५ साली एक व्यापक वर्ग कल्पिला. रीब दिशेशी संबंधित वक्रता केवळ दोन संख्यांनी ठरावी अशी त्यांची अट. त्या संख्या ग्रीक अक्षरांवरून कप्पा आणि म्यू. कप्पा एकाहून मोठा होऊ शकत नाही. तो बरोबर एक झाला की संरचना सासाकी. हा वर्ग कृत्रिम नाही, याचा सर्वांत मोठा दाखला पुन्हा चाकच देते : सर्वत्र समान वक्रतेच्या पृष्ठावरील बिंदू आणि तेथील दिशा मिळून होणाऱ्या अवकाशाची नैसर्गिक संरचना या वर्गात मोडते, आणि तिचा कप्पा म्हणजे पृष्ठाची वक्रता गुणिले दोनातून ती वक्रता वजा केलेली संख्या. पृष्ठ एकक गोलाचे असेल तर कप्पा एक. सपाट असेल तर शून्य. वक्रता उणे एक असेल तर उणे तीन.

येथे साहजिकच असा विचार येतो की, कप्पा आणि म्यू स्थिर संख्याच का असाव्यात? त्या बिंदूगणिक बदलू द्याव्यात. कूफोगिऑर्गोस आणि त्सिख्लिआस यांनी २००० साली हे व्यापकीकरण तपासले. पाच किंवा अधिक मिती असतील तर ही मोकळीक व्यर्थ ठरते. वक्रतेच्या अंगभूत सुसंगतीची समीकरणे कप्पा आणि म्यू यांना पुन्हा स्थिर होण्यास भाग पाडतात. तीन मितींत मात्र खरोखरीच नव्या संरचना मिळतात. कारण सांगण्याजोगे आहे : पाच मितींत पान चार मितींचे, त्यामुळे एका दिशेने होणारा बदल दुसऱ्या स्वतंत्र दिशांतून तपासता येतो आणि ती तपासणी बदलाला जागा ठेवीत नाही; तीन मितींत पानात दोनच दिशा, आणि तेवढ्या साक्षी पुरत नाहीत. तीन मितींचे जग इतरांहून श्रीमंत का, याची अनेक कारणे आहेत. त्यांतील हे एक.

परंतु मोजमाप आले म्हणजे सर्व रहस्य स्थानिक झाले, असे आपण समजू नये, आणि याविषयी मी थोडे आग्रहाने बोलणार आहे. त्याच टोरसावर चाकाच्या दिशेचा काटा एक फेरा पुरा करून आला की मूळ अवस्था आली असे न मानता, दोन फेरे, किंवा तीन, किंवा कितीही ठरावीक फेरे झाल्यावरच ती आली असे मानले, तर प्रत्येक वेळी अवकाश त्रिमितीय टोरसच राहतो, प्रत्येक वेळी वक्रता शून्यच राहते, प्रत्येक वेळी संरचना घट्टच राहते. मेट्रिकसह पाहिले तरी लहान तुकड्यांत यत्किंचितही भेद नाही. आणि तरीही झिरू आणि कांदा यांच्या कामातून निष्पन्न झाले की या सर्व संरचना परस्पर भिन्न आहेत, आणि त्या अनंत आहेत. एलियाशबेर्ग यांनी १९९६ साली त्यांतला एक सखोल फरकही दाखविला : सम संख्येच्या मितींत संपर्क संरचनेची जागा घेणारी जी सिंप्लेक्टिक संरचना, ती असलेल्या चार मितींच्या अवकाशाची कडक अर्थाने सीमा होण्याचा मान या अनंत संरचनांपैकी पहिलीलाच, म्हणजे एका फेऱ्याच्या खऱ्या चाकालाच, आहे.

उलट दिशेनेही विचारता येते : स्थानिक वक्रतेवर काही अंकुश ठेवला तर समग्र घट्टपणाची हमी मिळेल काय? २०१२ साली एटनायर, कोमेंदारझिक आणि मासो यांनी याचे होकारार्थी उत्तर दिले. संपर्क संरचनेशी जुळणाऱ्या संपूर्ण मापाची वक्रता सर्वत्र धन असेल आणि तिचे लघुतम मूल्य महत्तमाच्या चार नवमांशांहून मोठे असेल, तर ती संरचना घट्ट असते आणि अवकाशाचे वैश्विक आवरण, म्हणजे त्यातील सर्व फेरे उलगडून मिळणारा अवकाश, हे प्रमाणभूत संरचनेचे गोलपृष्ठच असते. १९६०च्या सुमारास बेर्गर आणि क्लिंगेनबेर्ग यांनी एक चतुर्थांश या मर्यादेने सिद्ध केलेल्या विख्यात गोलप्रमेयाचे हे संपर्क भूमितीतील भावंड. आणि पुढे गे आणि हुआंग यांनी येथेही मर्यादा एक चतुर्थांशापर्यंत खाली आणली. ज्या चकतीचा काठ पानांशी एकरूप होतो ती शोधण्यासाठी संपूर्ण अवकाश पालथा घालावा लागतो असे आपण समजत होतो. येथे वक्रतेच्या स्थानिक दफ्तरावरूनच ती कोठेच नाही असा निवाडा देता येतो.

पाच आणि त्याहून अधिक मितींविषयी वेळेअभावी थोडक्यातच सांगतो. तेथे संपर्क संरचना असण्यासाठी पानांवर काटकोनी भ्रमणाची बीजगणितीय सोय असावी लागते. ती आवश्यक आहे हे ग्रे यांच्या काळापासून ठाऊक होते, परंतु ती पुरेशी आहे काय हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ अनिर्णित होता. पाच मितींसाठी तो कासाल्स, पांचोली आणि प्रेसास यांनी २०१५ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सोडविला; यांतील दिशांत पांचोली हे चेन्नईत काम करणारे आपले भारतीय गणिती, याचा उल्लेख करताना मला विशेष आनंद होतो. त्याच वर्षी बोर्मन, एलियाशबेर्ग आणि मर्फी यांनी सर्व विषम मितींसाठी होकारार्थी उत्तर दिले, आणि त्यासाठी अतिवलित या कल्पनेलाच उच्च मितींत नवा अर्थ दिला. म्हणजे मार्तिने यांची उदारता आता सर्व विषम मितींत प्रस्थापित झाली. परंतु ती उदारता अतिवलित संरचनांची. घट्ट संरचनांचे काय, हे त्याने कळत नाही.

तीन मितींतही ते सर्वस्वी कळलेले नाही. ज्या अवकाशांना वर्तुळांत सुव्यवस्थितपणे विभागता येते त्यांच्यापुरते लिस्का आणि स्टिप्सिक्झ यांनी २००९ साली पूर्ण उत्तर दिले : घट्ट संरचनेला मुकलेले अवकाश तेथे एका विशिष्ट गाठमालिकेपासून मिळतात आणि ते ओळखता येतात. परंतु त्रिमितीय मॅनिफोल्डांत सर्वांत विपुल आहेत ते अतिपरवलयी, म्हणजे जेथे वक्रता सर्वत्र समान आणि ऋण आहे असे. पेरेलमान यांच्या २००२ आणि २००३ सालच्या निबंधांनी प्रत्येक त्रिमितीय अवकाश त्या आठ भूमितींच्या तुकड्यांत विभागण्याचा थर्स्टन यांचा कार्यक्रम पुरा झाल्यापासून त्यांची घडण आपणांस पूर्वीपेक्षा पुष्कळच समजते. तरीसुद्धा, असा कोणताही बंदिस्त अतिपरवलयी अवकाश दिला असता त्यावर एक तरी घट्ट संपर्क संरचना असतेच काय, याचे सर्वसाधारण उत्तर माझ्या माहितीप्रमाणे आज कोणापाशी नाही. या सभागृहात महाविद्यालयातले जे विद्यार्थी मागील बाकांवर बसले आहेत त्यांनी हा प्रश्न वहीत टिपून घ्यावा. त्याला भिडण्यासाठी जी पूर्वतयारी हवी ती म्हणजे गाठींचे शास्त्र, पृष्ठांचे छेद घेऊन पानांचा माग काढण्याची झिरू यांची पद्धत, आणि अतिपरवलयी भूमितीचा पाया; ही तिन्ही एखाद्या चांगल्या अध्यापकाच्या हाताखाली तीन-चार वर्षांत आत्मसात होण्याजोगी आहेत.